राव सारांची रसद

जगात कुठंही युद्ध पेटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मद्रासच्या गिंडीत त्याची रसद वाटली जाते. कोणाला रणगाडे द्यायचे, कोणाला नुसतेच तोफगोळे, कोणाची औषधांवर बोळवण करायची आणि कोणाला कोरडी सहानुभूती, हे सगळं राव सार ठरवतात. वॉशिंग्टनला या कामाला महिनेच्या महिने लागतात. युक्रेनच्या एकसष्ट अब्ज डॉलरसाठी अमेरिकी काँग्रेस 2024 चा एप्रिल उजाडेपर्यंत घोळ घालत बसली होती. राव सारांनी ती रक्कम आदल्या ऑक्टोबरातच, दुसरा चहा यायच्या आत, मंजूर करून टाकली होती. वर टी कडैच्या, म्हणजे चहाच्या टपरीच्या, टी मास्टरला बजावलं होतं, ‘साखर कमी.’

राव सार मूळचे मिरजेचे. 1972 साली लेथवर काम करायला गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आले, पुढं तिथंच दोन लेथचा गाळा घेतला आणि जन्मभर बुश कापले. त्यांना आडनाव आहे, पण ते मिरजेच्या सातबाऱ्यावर. दिवाण सर टी. माधवरावांच्या आधीपासून मद्रासेत मराठी माणूस दिसला की तो राव, आणि वयानं मोठा असला की सार. मी त्यांना काका म्हणतो, कारण काकू थालीपीठ देतात.

लष्कराशी त्यांचा संबंध दोन प्रकारचा. एक म्हणजे, आमच्या वसाहतीच्या गच्चीवरून कत्तिपाऱ्याचा उड्डाणपूल दिसतो, आणि परंगिमलैच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीकडे जाणारे हिरवे ट्रकही दिसतात. दुसरा जास्त गंभीर आहे. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांच्या गाळ्यातले दोनेकशे बुश एका मधल्या ठेकेदारामार्फत आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यात गेले. ते विजयंता रणगाड्यात बसले की तिथल्या कँटीनच्या ढकलगाडीत, हे त्या ठेकेदारालाही ठाऊक नव्हतं. बुश रणगाड्यात गेले असोत वा नसोत, रणगाडा मात्र त्या दिवशी राव सारांच्या अंगात शिरला तो आजतागायत बाहेर पडलेला नाही. बाकावर बसतानासुद्धा ते आधी डावीकडं वळतात, मग उजवीकडं, आणि मग टेकतात.

एक गोष्ट कबूल करायला हवी. लेथवाला असल्यामुळं राव सारांना या विषयातलं एक मर्म कळलंय, जे टीव्हीवरच्या कडक कॉलरच्या तज्ज्ञांना पुष्कळदा कळत नाही. ते म्हणतात, ‘‘तोफ कोण देतो ते बघू नकोस. तोफेचा वॉशर कोण देतो ते बघ.’’ ज्याच्याकडं सुट्या भागांचं कपाट त्याच्याकडं युद्धाची किल्ली. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले आणि आपल्याच नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांअभावी जमिनीवर खिळून बसली, हे उदाहरण ते देतात तेव्हा मी चहा खाली ठेवून ऐकतो. पण मर्म कळलेला माणूस तिथं थांबत नाही हीच अडचण आहे.

‘घातक’ आणि ‘बिनघातक’ मदत हा त्यांचा दुसरा लाडका विषय. 2022 च्या जानेवारीत, रशियाचं सैन्य सीमेवर जमलेलं असताना, जर्मनीनं युक्रेनला पाच हजार हेल्मेटं देऊ केली. सगळं जग हसलं. राव सार हसले नाहीत. ‘‘हेल्मेट दिलं ना? म्हणजे डोकं गुंतलं. आता धड कसं मागं राहतंय बघ.’’ वर्षभरानं, 2023 च्या जानेवारीत, त्याच जर्मनीनं लेपर्ड रणगाडे द्यायचं जाहीर केलं. तो दिवस राव सारांनी सणासारखा साजरा केला. टी कडैवर जमलेल्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं मसाल वडै दिला. सांगून टाकतो, मद्रासेतल्या त्यांच्या पन्नासेक वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या वड्याचे पैसे दिल्याची ही एकमेव नोंद आहे. टी मास्टरला वाटलं, नातू झाला.

नोंद म्हणजे खरोखरची. त्यांच्याकडं जुनी लांबोडकी खतावणी आहे, गाळ्याच्या काळातली. डाव्या पानावर ‘येणे’, उजव्या पानावर ‘देणे’. तीत आता इथिओपिया, येमेन, सुदान अशी खाती आहेत. कुठल्या देशानं कोणाला काय दिलं ते उजवीकडं आणि त्याच्या बदल्यात काय घेतलं ते डावीकडं. 2017 च्या डिसेंबरात परंगिमलैच्या अकॅडमीत अफगाण महिला अधिकाऱ्यांची तुकडी प्रशिक्षणाला आली, ती ‘देणे’त आहे. 2021 च्या ऑगस्टात काबूल पडलं, तेव्हापासून तिच्यासमोरचं ‘येणे’ कोरं आहे. ते पान राव सार सहसा उघडत नाहीत.

पण लंकेचं खातं! ते उघडलं की त्यांचा आवाजच बदलतो. मिरजेचा माणूस मद्रासेत इतकी वर्षं राहिला की त्याला पाकिस्तानपेक्षा श्रीलंका जवळ वाटायला लागते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा हिशेब माहीत नसतो म्हणून थोडक्यात सांगतो. राव सार सांगतात तेव्हा दोन बोंडे संपतात.

ऐंशीच्या दशकात याच तमिळनाडूत लंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या छावण्या होत्या, भारतानं त्यांना शिकवलं, शस्त्रं दिली. मुख्यमंत्री एम.जी.आर. यांचा हात त्यांच्यासाठी सढळ होता. 1984 च्या ऑगस्टात मीनंबाक्कम विमानतळावर, म्हणजे गिंडीपासून लोकलनं तीन-चार स्टेशनं पुढं, कोलंबोसाठी निघालेला बॉम्ब इथंच फुटला आणि तीसएक माणसं गेली. राव सार तेव्हा मदतीच्या बाजूनं होते. 4 जून 1987 ला आपल्या विमानांनी जाफन्यावर डाळ-तांदूळ टाकले, लंकेत लोक त्याला ‘परिप्पू’ म्हणजे डाळीची मोहीम म्हणायचे. राव सार त्याच्याही बाजूनं. जुलैत करार झाला, आपलं शांतिसैन्य तिकडं गेलं आणि ऑक्टोबरपासून, ज्यांना शिकवलं त्यांच्याशीच लढू लागलं. राव सार सैन्याच्या बाजूनं. मग राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांना भारतीय सैन्य नकोसं झालं आणि त्यांनी त्या बंडखोरांतल्या तमिळ वाघांनाच शस्त्रं पुरवली! म्हणजे दिल्लीनं घडवलेल्यांशी दिल्ली लढली, आणि कोलंबोनं स्वतःच्या शत्रूला हत्यारं दिली. अकराशेवर जवान गमावून मार्च 1990 मध्ये आपलं सैन्य मद्रास बंदरात उतरलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. राव सार गेले नाहीत ते लोकल चुकली म्हणून, पण त्यांना करुणानिधींचंही पटलं होतं आणि सैन्याचंही. ‘‘मदत करणाऱ्यानं भूमिका ठाम ठेवावी,’’ ते मला समजावतात. ‘‘बाजू बदलल्या तरी हरकत नाही.’’

नव्या शतकात तर त्यांचा सुवर्णकाळ होता. वाघांनी विमानं जमवली, 2007 च्या मार्चात कोलंबोजवळच्या हवाई तळावर बॉम्ब टाकले. भारतानं दिलेली रडारं पुरत नाहीत, म्हणून लंकेनं चीनकडं पाहायला सुरुवात केली. मे अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन चेन्नईत करुणानिधींना भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले, की या भागातली मोठी सत्ता आम्ही आहोत, लंकेनं चीन-पाकिस्तानकडं जाऊ नये, लागेल ते आम्हाला सांगावं. मात्र आक्रमणाची हत्यारं आम्ही देणार नाही. त्या संध्याकाळी राव सारांना जणू कोणी शाल पांघरली. स्वतःचा विचार, शब्दही जवळपास स्वतःचे, दिल्लीच्या माणसाच्या तोंडून! पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात वावुनियाच्या तळावर वाघांनी हल्ला केला, त्यात दोन भारतीय तंत्रज्ञ जखमी झाले. ते तिथं होते, ही बातमी देशाला त्यांच्या जखमांमुळंच कळली.

2009 च्या त्या शेवटच्या महिन्यांत शहर पेटलेलं होतं. जानेवारीत मुत्तुकुमार नावाच्या तरुणानं नुंगंबाक्कमच्या शास्त्री भवनासमोर स्वतःला जाळून घेतलं होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला कोइंबतूरजवळ लष्कराच्या ताफ्यावर जमाव चालून गेला, कारण त्यातून लंकेला शस्त्रं जातायत अशी हूल उठली होती. सैन्य म्हणत होतं, जवान सरावाहून परतताहेत. गिंडीत त्या दिवसांत राव सार गच्चीवर ट्रक मोजत बसायचे. त्यांचं अनुमान पक्कं होतं: अकॅडमीकडं जाणारे ट्रक हे नाटक, रात्री तेच बंदराकडं वळतात. एका दुपारी कत्तिपाऱ्याच्या सिग्नलला एका ट्रकची ताडपत्री वाऱ्यानं उडाली. आम्ही दोघं खालीच उभे होतो. आत फ्लॉवरचे गड्डे आणि संचलनाच्या घडीच्या खुर्च्या होत्या. राव सारांनी त्या खुर्च्यांकडं बराच वेळ पाहिलं. ‘‘बिनघातक,’’ असं पुटपुटले आणि खतावणीत चढवलं.

या सगळ्याला एकदाच खीळ बसली. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा माणूस जाफन्याचा. 2006 साली नावेतून धनुष्कोडीला उतरला, मंडपमच्या छावणीत राहून इथवर आला. बोलायला कमी. राव सार लंकेच्या हवाई दलाचा पाढा म्हणत होते: किफिर इस्रायलचं, एफ-7 चीनचं, मिग-27 युक्रेनचं. (आज दारोदार शस्त्रं मागणारं युक्रेन तेव्हा विकणाऱ्यांत होतं, हे त्यांनी खास आवाज चढवून सांगितलं.) झेरॉक्सवाला ग्लास हातात धरून ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘सार, आम्ही त्यांना आवाजावरून ओळखायचो. कोणत्या देशाचं कुठलं, ते इथं आल्यावर कळलं.’’

कोणीही गप्प बसलं असतं. राव सारांनी खिशातून पेन काढलं. ‘‘आवाजात नेमका फरक काय?’’

झेरॉक्सवाल्यानं आवाज काढून दाखवला नाही. आदल्या दिवशीच्या झेरॉक्सचे चार रुपये राहिलेत, तेवढे मागितले. आता तो टी कडैकडं येताना दिसला की राव सार लंकेवरून थेट येमेनवर उडी मारतात. हा त्यांचा चांगुलपणा आहे असं काकू म्हणतात. मला चार रुपयांचीही शंका आहे.

दिल्लीचं धोरण राव सारांना कसं कळतं याचा उलगडा मला 2012 मध्ये झाला. तांबरमच्या हवाई तळावर लंकेच्या हवाई दलाचे नऊ जण शिकायला आले होते. मुख्यमंत्री जयललितांनी आकांडतांडव केलं, तेव्हा केंद्रानं त्यांना उचलून बंगळुरूजवळच्या येलहंक्याला नेलं. जयललिता म्हणाल्या, दुसरीकडं काय नेता, लंकेला परत पाठवा. मी म्हटलं, ‘‘काका, शिकवणं थांबलं नाही, मग बदललं काय?’’ राव सार माझ्याकडं कीव आल्यासारखे बघत राहिले. ‘‘अरे, साडेतीनशे किलोमीटर बदलले की.’’

आणि मग 2019 चा उन्हाळा आला.

मद्रासचं पाणी संपलं. पुंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम, चारही तलावांनी तळ दाखवला. जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी आणावी लागली. आमच्या वसाहतीत तीन इमारती, ए, बी आणि सी. बोअर एकच, सामायिक. टँकरचा पाइप आधी कोणाच्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, सोडायचा यावरून ए आणि बी यांचं जुंपलं आणि दोन दिवसांत बोलणं बंद झालं. राव सार सीमध्ये, म्हणजे तटस्थ. पण त्यांच्याकडं गाळ्यातून आणलेला एक अश्वशक्तीचा पंप होता. ए इमारतीचे सेक्रेटरी रात्री नऊला त्यांच्या दाराशी आले.

जन्मभर ज्या क्षणाची तयारी केली तो क्षण चपला काढून आत आला होता. राव सारांनी त्यांना बसवलं, काकूंना कॉफी टाकायला सांगितली आणि कागदावर अटी लिहिल्या. पंप केवळ संपातून वरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी. सामायिक बोअरला लावल्यास मदत तत्काळ थांबवण्यात येईल. बीविरुद्ध वापर नाही. सेक्रेटरींनी न वाचता सही केली. पंप गेला, पण त्याचा कपॅसिटर राव सारांनी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्याच्याशिवाय पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी ए इमारतीचा वॉचमन कपॅसिटर मागायला यायचा, आणि त्याला तो जोडता येत नाही म्हणून राव सार स्वतः जायचे. काकू म्हणाल्या, ‘‘पंप दिलात की स्वतःला दिलंत?’’

तिसऱ्या रात्री पंप बोअरवर होता. बीच्या लोकांना सुगावा लागला, त्यांनी गच्चीवरून बॅटरी मारली, आणि उजेडाच्या गोलात कोण सापडावं? राव सार. लुंगी वर खोचलेली, एका हातात पाना, दुसऱ्यात कपॅसिटर. ‘‘मी फक्त सल्लागार म्हणून आलोय,’’ ते वर बघून तमिळमध्ये ओरडले. त्यांच्या तमिळला अजून मिरजेचं पाणी आहे, त्यामुळं बीच्या लोकांना ते ‘‘मीच मालक आहे’’ असं ऐकू आलं.

दोन दिवसांनी बीनं थेट कोइंबतूरहून दोन अश्वशक्तीचा पंप मागवला. राव सारांना हे मात्र फार लागलं. ते स्वतः बीच्या जिन्यात जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारू लागले, ‘‘बाहेरून आणायची काय गरज होती? मला सांगायचं होतं. मी होतो ना इथं!’’

दोन्ही पंप एकाच बोअरवर आठवडाभर चालले. मग बोअर आटला. टँकरसमोर ए, बी आणि सी तिन्ही इमारती रंगीबेरंगी कुडं, म्हणजे घागरी, घेऊन एका रांगेत आल्या. काकूंनी हिरवं कुडं राव सारांच्या हातात दिलं. ‘‘घ्या, आणि तुमच्या मित्रराष्ट्रांच्या मागं उभं राहा.’’

पंप कोरडा चालून त्याचं वाइंडिंग जळालं होतं. ए इमारतीनं ते भरून घेतलं आणि बिल वसाहतीच्या हिशेबात लावलं. आमचे हिशेब ऑडिटर मामी बघतात. अकाउंटंट जनरलच्या कचेरीतून निवृत्त झाल्यात, आणि तिथं जे कोणाला सोडलं नाही ते इथं कशाला सोडतील? त्यांनी राव सारांना बोलावलं.

‘‘राव सार, पंप कोणाचा?’’

‘‘मामी, मदत म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याची.’’

‘‘म्हणजे बिल एचं. बरं. मग कपॅसिटर कुठाय?’’

राव सारांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. ‘‘तो माझ्याकडं राहील. तो धोरणाचा भाग आहे.’’

‘‘जळालेला पंप त्यांचा, चालू कपॅसिटर तुमचा?’’

‘‘तसं नाही, पण...’’

‘‘तुमचा असेल तर बिल भरा. त्यांचा असेल तर कपॅसिटर द्या. शांतपणे ठरवा, मला एकतीस मार्चच्या आत सांगा.’’

कुठल्या वर्षीचा एकतीस मार्च ते मामी बोलल्या नव्हत्या, आणि राव सारांनी तिथंच पाचर मारली. दर वर्षीच्या ताळेबंदात ती ओळ येते, ‘पाण्याचा पंप, एक, मालकी विचाराधीन’, आणि दर वर्षी मामी तिच्याखाली लाल रेघ ओढतात. यंदाही सर्वसाधारण सभेपुढं तो विषय सातव्या क्रमांकावर आहे. पण सहाव्या क्रमांकाला ए इमारतीनं उन्हाळ्याआधी नव्या पंपासाठी मदत मागितलीय. परवा राव सार अटींचा सुधारलेला मसुदा घेऊन माझ्याकडं आले. मी झेरॉक्सच्या दुकानावरून जाणारच होतो, तर तीन प्रती आणायला सांगितल्या. एक त्यांना, एक एला. तिसरी कोणाला, मी विचारलं.

‘‘बीला,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांनाही लागेलच की. फक्त झेरॉक्सवाल्यासमोर नाव मोठ्यानं घेऊ नकोस.’’